मासळीचे गोडवे पुरे, आता हिशेब मांडा!

गोमंतकीय मराठी माणसाने मासळीवर जेवढे लिहिले आहे, तेवढे बहुधा मांगेशी-शांतादुर्गेवरही लिहिले नसेल. कुठलाही दिवाळी अंक उघडा. आजीच्या हातचे हुमण, तिरफळांचा वास, मातीच्या कुंडल्यात रात्रभर मुरलेले बांगडे, पहिल्या पावसातले चढणीचे मासे, श्रावण संपल्याबरोबर बाजारात उडालेली झुंबड... वाचताना तोंडाला पाणी सुटते, हे कबूल. पण एवढ्या हजारो पानांत हिशेबाची एक ओळ शोधून दाखवा. त्या हुमणातले बांगडे कितीला पडले? ते किती जणांत वाटले गेले? आणि सगळ्यांचे जेवून झाल्यावर जिने ते रांधले, तिच्या ताटात त्यातले काय आले?

हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण मासळीला आम्ही 'संस्कृती' करून टाकले आहे. संस्कृती म्हटली की तिचे गोडवे गायचे असतात, तिचा भाव विचारायचा नसतो! माझे म्हणणे असे की मासळी हे आधी अन्न आहे. गोव्यातल्या गरिबाच्या घरातले ते सगळ्यांत खात्रीचे प्रथिन होते आणि आज ते त्याच्या हातातून निसटत चालले आहे. ह्या निसटण्याची नोंद आमच्या साहित्यात नाही, सरकारच्या कागदांत नाही, आणि जिथे आकडे आहेत तिथे ते उलटे वाचले जात आहेत.

आधी आकडेच बघू. केंद्र सरकारने 2022-23 साली घरगुती खर्चाची देशव्यापी पाहणी केली. अकरा वर्षांच्या खंडानंतर आकडे जाहीर झाले म्हणून तिचा बराच गाजावाजाही झाला. त्या पाहणीप्रमाणे भारतातल्या खेड्यात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 3773 रुपये आणि शहरात 6459 रुपये. त्यातले अंडी, मासळी आणि मांस ह्या तिन्हींवर मिळून खेड्यात सुमारे 185 रुपये, शहरात सुमारे 231. म्हणजे खेड्यातल्या माणसाला दिवसाला सहा रुपये! दुधावर ह्याहून बरेच जास्त, खेड्यात सुमारे 314 आणि शहरात 466. ही देशाची सरासरी झाली. तीत मांस-मासळीला न शिवणारेही आले. ताटातल्या मांस-मासळीच्या वाट्यात मोठ्या राज्यांमध्ये केरळ सर्वांत पुढे आहे. गोवा? ज्या अठरा मोठ्या राज्यांचे तक्ते वर्तमानपत्रांतून मिरवले गेले, त्यांत गोवा नव्हताच. लहान राज्य ना आम्ही! आमचा आकडा शोधायचा तर मागच्या पानांवर जावे लागते. तिथे ग्रामीण गोव्याचा माणशी मासिक खर्च सात हजारांच्या पुढे दिसतो, म्हणजे देशाच्या ग्रामीण सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. तो आकडा दिसला की राजकारण्याची छाती फुगते. बघा, आमचा खेडवळसुद्धा किती सुखी!

इथेच थांबायला हवे. खर्च वाढणे आणि खाणे वाढणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थशास्त्रात एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला एक नियम आहे. उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातला अन्नाचा हिस्सा घटतो. त्याच्या जोडीने दुसरेही निरीक्षण सांगितले जाते, की हातात पैसा आला की माणूस भात-भाकरी कमी करतो आणि दूध, अंडी, मांस, मासळी वाढवतो. बहुतेक देशांत हे खरे ठरले आहे. त्यावरूनच 'प्राणिज प्रथिनांची मागणी वाढते आहे, म्हणजे देश सुधारतो आहे' असे म्हणायची पद्धत पडली. उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारातल्या खेड्यात ते बरोबरही असेल. तिथे मांस हे पैसा आल्यावर ताटात येणारे अन्न आहे.

गोव्यात गोष्ट उलटी होती. इथे मासळी गरिबाच्या ताटात तो गरीब असतानाच होती. पेज, सोबत सुका बांगडा भाजून, नाहीतर गालम्याची किसमूर. हे श्रीमंताचे जेवण नव्हे. रापण ओढली जायची तेव्हा दोरीला हात लावणाऱ्यालाही मासळी मिळायची, आणि जाळे काठाला लागल्यावर टोपली घेऊन येणारी म्हातारी रिकाम्या हाताने परत जात नसे. तारल्यांचा सुकाळ झाला की त्या माडाच्या मुळांत खत म्हणून घालत, इतकी मासळी! पाऊस लागायच्या आधी घराघरांत पुरमेंत भरले जाई. त्यात खारे बांगडे, सुकी सुंगटे, दोडयारे असत. ती गरिबाची चार महिन्यांची प्रथिनांची पुंजी होती. 'वाटा' ह्या शब्दातच ती व्यवस्था होती. बाजारातल्या ढिगाला आम्ही अजून वाटा म्हणतो आणि हिश्शालाही वाटाच म्हणतो.

आणि हे सगळे विकत घेतलेले नसे. खाजनातल्या मानशीवरची मासळी, ओहोटीला चिखलात हात घालून काढलेल्या तिसऱ्या आणि खुबे, खडकावरची कालवे, ओहोळात चढणीला येणारे मासे, ह्यांना फार तर मेहनत पडे, पैसा नाही. आता काय झाले? खाजनांचे बांध फुटले आणि कुणी बांधले नाहीत. नद्यांच्या पात्रांत खनिजाचा गाळ बसला, रेतीसाठी तळ खरवडला गेला. खाडीकाठी बांधकामे उभी राहिली. जे फुकट मिळत होते ते बाजारात जाऊन घ्यावे लागले. ज्या घराचा मासळीचा खर्च शून्य होता त्याचा खर्च महिन्याला हजार झाला, आणि पानात पडणारे तुकडे मात्र कमी झाले. हा खर्च तक्त्यात कसा दिसेल? वाढ म्हणून! 'गोमंतकीय कुटुंबाचा प्राणिज प्रथिनांवरचा खर्च वाढला' असे वाक्य लिहून कुणीतरी त्यात समृद्धी शोधील. गरिबी वाढली तरी आकडा वर जातो, हे त्या तक्त्याला कळायचे कसे?

'मागणी' ह्या शब्दाचेही तसेच. बाजारातली मागणी भुकेने मोजत नाहीत, पैशाने मोजतात. कळंगुटच्या हॉटेलवाल्याने दहा किलो इसवण उचलली, ती मागणी. काणकोणच्या मजुराच्या बायकोने वाट्याकडे पाहिले, 'कसो गे वांटो?' म्हणून विचारले, भाव ऐकला आणि ती पुढे निघून गेली. तिची मागणी शून्य! हिशेबात ती बाई बाजारात आलीच नव्हती. इसवण, पापलेट, चणक तिने कधीच सोडली. मग मोठी सुंगटे गेली. आता बांगडाही 'शंभराला किती?' असे विचारून घ्यायची वस्तू झाली आहे, आणि 'किती' ह्याचे उत्तर वर्षागणिक लहान होत चालले आहे.

आता पहिला आक्षेप येईल तो पर्यटकांचा. 'भायले येतात आणि आमची मासळी खातात!' सरकारी आकड्यांप्रमाणे 2024 साली गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. 2011 च्या जनगणनेत आमची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. दाब पडतो हे उघड आहे. पण पर्यटकाला शिव्या घालणे सोपे आहे म्हणून ते आम्हाला आवडते. पर्यटक इसवण, सुंगटे आणि खेकडे खातो. तारल्या खायला कोणी दिल्लीहून येत नाही. मग तारल्या आणि लहान बांगडे जातात कुठे?

ते जातात मासळीच्या भुकटीच्या आणि तेलाच्या कारखान्यांत. रत्नागिरीपासून गोवा ते मंगळूर-मलपेपर्यंत हा धंदा पसरला आहे. तारली, लहान बांगडे, जाळ्यात सापडलेली पिल्ले वाळवून त्यांचे पीठ करायचे आणि ते कोळंबीच्या, कोंबडीच्या खाद्यात घालायचे. ती कोळंबी पुढे परदेशी जाते. म्हणजे स्वस्त प्रथिन गरिबाच्या ताटातून काढून, त्याचे महाग प्रथिन करून, श्रीमंत देशाच्या ताटात वाढायचे! शिवाय ह्या उलाढालीत प्रथिन वाढत नाही. एक किलो कोळंबी पोसायला एकाहून अधिक किलो खाद्य लागते. ह्याला आम्ही निर्यातवृद्धी म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

समुद्र काही अक्षयपात्र नाही. केरळात 2012 साली तारली जवळपास चार लाख टन मिळाली होती. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे 2021 साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. पुढे ती काहीशी सावरली. समुद्राच्या तापमानाचा आणि प्रवाहांचा त्यात हात होता, तसाच पिल्लांसकट उपसण्याचाही होता. तारली ही अशी लहरी मासळी आहे म्हणूनच ती ज्या वर्षी मुबलक येते त्या वर्षी माणसांच्या पोटी लागली पाहिजे.

दुसरा आक्षेप: 'मासळी महाग झाली तर चिकन खा. अंडी खा.' खातातच की हो! गरीब घरांत मासळीची जागा ब्रॉयलर कोंबडीने आणि अंड्याने घेतली आहे, आणि त्यात वाईट काही नाही. अंड्याइतके स्वस्त आणि पुरे प्रथिन दुसरे क्वचितच असेल. पण ह्या कोंबड्या आणि अंडी येतात कुठून? घाटावरून. दूधही बरेचसे घाटावरून आणि सीमेपलीकडून. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की आमच्या न्याहारीला धक्का बसतो. कर्नाटकाने 2020 च्या अखेरीस गोवंश हत्येविरुद्धचा कायदा कडक केला, तेव्हा बेळगावहून येणारे मांस अडले आणि गोव्यातली मांसाची दुकाने ओस पडली. त्या मांसाबद्दल कुणाचे मत काहीही असो. ज्यांच्या घरी ते शिजत होते त्यांचे स्वस्त प्रथिन दुसऱ्या राज्याच्या विधानसभेत ठरले, ही गोष्ट विसरू नये. ज्या राज्याला समुद्र आहे, खाड्या आहेत, नद्या आहेत, त्याने प्रथिनासाठी घाटाकडे तोंड करून बसायचे?

खरे तर मासळीसाठीसुद्धा आम्ही बाहेर बघतो. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनचा गवगवा झाला तेव्हा सरकारला बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले की आपल्या 'गोंयच्या नुस्त्या'तले किती ट्रकमधून येते! काही दिवस आरडाओरडा झाला. मग आम्ही पुन्हा हुमणावर लेख लिहायला लागलो.

तिसरा आक्षेप जरा सोवळा आहे. 'डाळी आहेत, कडधान्ये आहेत, मांस-मासळीवाचून का अडते?' ज्याने आपल्या श्रद्धेने किंवा आवडीने शाकाहार स्वीकारला त्याच्याशी माझे भांडण नाही. सोमवार, गुरुवार, श्रावण आम्हीही पाळतो. पण ज्याने मासळी सोडली नाही, जिला ती परवडली नाही, तिला डाळीचे प्रवचन देऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम आणि पुरुषाला 54 ग्रॅम प्रथिने हवीत. डाळीतून ती मिळू शकतात, पण त्यासाठी डाळ घट्ट आणि भरपूर लागते. आमच्याकडे मासळी नसलेल्या दिवशी गरीब घरात शिजते ती पातळ आमटी, नाहीतर नुसती सोलकढी. शिवाय ब-12 हे जीवनसत्त्व नैसर्गिकपणे मिळते ते प्राणिज अन्नातूनच, आणि मांस-मासळीतले लोह शरीरात डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते. ज्या घरात दूधही चहापुरतेच येते तिथे मासळी गेली की हे सगळेच जाते.

आता त्या रांधणाऱ्या बाईकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण 31.3 टक्के होते. पाचव्या फेरीत (2019-21) ते 39 टक्के झाले. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते 48.3 वरून 53.2 टक्क्यांवर गेले. देशात दरडोई उत्पन्नात पहिल्या रांगेत बसणाऱ्या राज्यातली निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयी! रक्तक्षयाला कारणे अनेक असतात, सगळा दोष मासळीच्या भावावर टाकता येणार नाही. पण चार बांगडे आणि सहा माणसे असली की वाटणी कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. मधला तुकडा पुरुषाला, मग मुलांना, बाईच्या पानात डोके-शेपटी आणि उरलेला रस. पूर्वी मासळी मुबलक होती तेव्हा ही रीत अन्यायाची असली तरी तिलाही काहीतरी उरत होते. आता उरत नाही. आमच्या ललित लेखांतली आजी 'मला डोकेच आवडते गो' म्हणते, आणि आम्ही त्यावर भावुक होतो! तिला डोके खरेच आवडत होते की तिच्या वाट्याला तेवढेच येत होते, हे विचारायचे धाडस एखाद्या लेखकाने करावे.

मग करायचे काय? मागण्या साध्या आहेत.

ट्रॉलरांच्या डिझेलवरच्या करात सरकार सवलत देते. ती सवलत माझ्या-तुमच्या पैशातून येते. तेव्हा जेटीवर उतरणाऱ्या बांगड्या-तारल्यांपैकी ठराविक हिस्सा आधी स्थानिक बाजाराला, रास्त भावात, आणि उरले ते कारखान्याला किंवा निर्यातीला, अशी अट घालण्यात अन्याय कसला? फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीची भाजी मिळते. कांदा-टोमॅटोसाठी सरकार एवढे करू शकते तर बांगड्यासाठी का नाही? स्वस्त मासळीच्या घोषणा अधूनमधून झाल्या, पण भाजीच्या गाड्यासारखी ती रोजची सोय गावोगावी झाली नाही. हे गाडे चालवायला आमच्या नुस्तेकान्नींनाच द्या. बाजार त्यांच्याइतका कुणाला कळतो?

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली. ती पाळली जात नाही म्हणून पारंपरिक रापणकार वर्षानुवर्षे ओरडत आहेत. ज्या रापणकारांच्या लढ्यातून 1980 चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला, त्यांच्या नातवंडांना अजून तेच मागावे लागते, ही शरम आहे. जून-जुलैची 61 दिवसांची बंदी पाळायची आणि उरलेले दहा महिने पिल्ले उपसायची, ह्याला संवर्धन म्हणत नाहीत.

खाजनांचे बांध दुरुस्त करा. ते काम शेतीचे आहे तसेच आहाराचेही आहे.

आणि शाळेत अंडे द्या. तामिळनाडूत 2010 पासून शाळेच्या दर दिवशी मुलांना अंडे मिळते. शेजारच्या कर्नाटकाने 2021 च्या डिसेंबरात मागास जिल्ह्यांपासून सुरुवात केली आणि नंतर ती योजना राज्यभर नेली. ज्यांना अंडे नको त्या मुलांना तिथे केळे देतात, कुणाचा धर्म बुडाला नाही. आमच्या माध्यान्ह आहाराची ओळख अजून भाजी-पाव हीच आहे. मासळीच्या नावाने ऊर बडवणाऱ्या राज्याला मुलाच्या ताटातल्या अंड्याची लाज का वाटावी?

कांदा महागला की सरकारे हलतात. बांगडा महागला की फोनवर विनोद फिरतात. कारण देशाच्या महागाईच्या मोजमापात बांगड्याला वजन नाही. 2012 पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात मांस आणि मासळीला मिळून शंभरात 3.61 एवढेच वजन होते. गोव्यातल्या मजुराच्या घरात ते किती असेल ह्याचा हिशेब दिल्ली करणार नाही. तो इथेच करावा लागेल. पंचायतींनी करावा, महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा. एका गावातली पन्नास घरे घ्या, वर्षभर दर आठवड्याला विचारा: मासळी किती वेळा आली, किती पैशांची आली, आणि कोणाच्या पानात किती पडली. तिसरा प्रश्न विसरू नका.

आणि आम्हा लिहिणाऱ्यांसाठी एवढेच: पुढच्या दिवाळी अंकात हुमणावर लेख लिहाल तेव्हा त्या दिवशीचा बांगड्याचा भावही लिहा. तो वाचणाऱ्याला कडू लागला तरी चालेल.